कुठली ठाकुरवाडी?

प्राचार्य सर, ठोंबरे मॅडमच्या घरची सगळी मंडळी, माझे सहकारी, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले आमचे विद्यार्थी,

आधी तुमची सगळ्यांची माफी मागते. सभा सुरू होताना सूचना झाली की फोन बंद करा. तुम्ही सगळ्यांनी केले. माझा फोनही बंद आहे, पर्समध्ये आहे. पण माझ्या हातात हा जो दुसरा फोन दिसतोय, तो चालू आहे. तो माझा नाही. तो मॅडमचा आहे. आणि तो मी बंद करणार नाही. का करणार नाही, एवढंच सांगायला मी उभी राहिलेय. नाहीतर आज माझ्यानं बोलणं झालं नसतं.

मी वैशाली घारे. चौकची. हायवेला आमचं गॅरेज आहे, तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या गाड्या तिथं येऊन गेल्या असतील. या कॉलेजात मी इतिहास शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असला तर पगार, नसला तर रामराम. सुलभा ठोंबरे मॅडम राज्यशास्त्राच्या. स्टाफरूममध्ये त्यांचं टेबल खिडकीजवळ आणि माझं त्यांच्या समोर. मॅडम गेल्यापासून त्या टेबलावर कुणी काही ठेवत नाही. तपासायचे पेपर ठेवायला जागा नाही, तरी ठेवत नाही.

बोलणं कठीण आहे असं सगळेच म्हणाले. मीही म्हणते. पण माझी अडचण जरा वेगळी आहे. मला रडायलाच उसंत नाही. दुःख मागं राहिलंय आणि काळजी पुढं धावतेय. तुम्ही मला ओळखता. मी काळजी करणारी बाई आहे. मॅडम मला एकदा म्हणाल्या होत्या, "वैशाली, तू माझ्या मयताला आलीस ना, तरी आधी बाहेर काढलेल्या चपलांची काळजी करशील." मी तेव्हा रागावले होते, असलं काय बोलता म्हणून. आज सभागृहाबाहेर चपला काढताना मला ते आठवलं. आणि तरीसुद्धा मी त्या जरा आडोशाला सरकवून ठेवल्या.

मघाशी एक वक्ते म्हणाले की ठोंबरे मॅडम कधी कुणावर चिडल्या नाहीत. सर, तुमचा मान राखून सांगते, हे काही खरं नाही. मॅडम चिडायच्या. चांगल्या चिडायच्या. आणि चिडल्या की त्यांचं शुद्ध मराठी कुठच्या कुठं जायचं आणि गावची बोली बाहेर यायची. "अरं, आधार कार्ड आन म्हनलं तं लायब्ररीचं कार्ड काय आनतोस रं?" हे वाक्य इथं मागे उभ्या असलेल्या किमान दोघातिघांनी ऐकलंय. हसू नका. हसा, हसा. त्यांनाही आवडलं असतं.

तर दरवर्षी मॅडम व्हरांड्यात नोटीस बोर्डाखाली टेबल टाकून बसायच्या. वर्गावर्गात जाऊन विचारायच्या, अठरावं कुणाला लागलं? अठरा कुणाची पूर्ण झाली? ज्यानं हात वर केला, त्याला दुसऱ्या दिवशी टेबलापाशी यावंच लागायचं. मतदार म्हणून नाव नोंदवायचं. फोटो, वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा. मग यादीत नाव आलं की नाही ते पाहायचं. मग मत देण्याची तयारी. "कार्ड मिळालं म्हंजे झालं असं समजू नका. कार्ड खिशात असतं, नाव यादीत असतं. मत यादीतलं नाव देतं." हे त्या इतक्या वेळा म्हणायच्या, की मुलं त्यांच्या मागून पाठ म्हणायची.

आणि त्या टेबलापाशी एक प्रश्न हटकून यायचा.

"गाव?"

"ठाकुरवाडी."

की मॅडमचं पेन थांबायचं.

"कुठली ठाकुरवाडी?"

आपल्याला यात काही नवल नाही. कर्जत-खालापूरच्या डोंगराकडेनं निघालात तर ठाकुरवाड्या मोजून होणार नाहीत. घाटात रेल्वेच्या लाईनीवर एक आहे, ती सगळ्यांना ठाऊक, कारण तिथं पाटी आहे. धरणाच्या वरच्या अंगाला एक आहे. साजगावच्या मागं, कारखान्यांच्या वर, एक आहे म्हणतात. आमच्या चौकच्या डोंगरात एक आहे. ज्या गावाच्या वर ठाकर आदिवासींची वस्ती, त्या वस्तीचं नाव ठाकुरवाडी. आणि तिथल्या माणसाला दुसरी ठाकुरवाडी कशाला आठवेल? त्याच्यासाठी ती एकच. आपण नाही का, "घरी चाललो" म्हणतो. कुणाच्या घरी, ते सांगतो का?

मग ते पोर गोंधळायचं. "आमची."

"आमची म्हंजे कुठली रं?"

"आमची म्हंजे... ठाकुरवाडी."

रांगेत हशा. मॅडम हसायच्या नाहीत. त्या पेन बाजूला ठेवून दुसरा प्रश्न विचारायच्या. हा प्रश्न नीट ऐका. त्या म्हणायच्या, "बरं. तुझी आय मत टाकायला कुठं जाते?"

आणि पोराचा चेहरा उजळायचा. कारण हे त्याला माहीत असायचं. खाली, गावातल्या शाळेत. त्या शाळेच्या आवारात पाण्याची टाकी आहे. आईबरोबर तो लहानपणी गेलेला असायचा, आईच्या बोटाची शाई बघितलेली असायची. झालं! शाळा कळली की केंद्र कळलं, केंद्र कळलं की यादी कळली, यादी कळली की ठाकुरवाडी कळली. कुठल्या पुस्तकात हे लिहिलेलं नाही. कुठल्या प्रशिक्षणात कुणी शिकवलं नाही. हे त्यांचं त्यांनी शोधून काढलं होतं.

आमच्या एफवायला मनीषा निरगुडा आहे. तिला तुम्ही ओळखत असाल, स्नेहसंमेलनात नाचात पुढं होती ती. मनीषानं आधी आपल्या आपणच मोबाईलवरून अर्ज भरला होता. आधार कार्डावर जसा पत्ता, तसाच टाकला. ठाकुरवाडी, पोस्ट अमुक, तालुका अमुक. अर्ज नाकारला गेला. कारण काय, तर अर्जदार पत्त्यावर राहत नाही. असे अर्ज आले की त्या भागाच्या यादीचं काम ज्यांच्याकडे असतं ते घरी येऊन खातरजमा करतात. बहुतेक शाळेतले गुरुजी असतात, नाहीतर अंगणवाडीच्या ताई. तर ते गुरुजी गेले होते. खरंच गेले होते, इमानानं डोंगर चढून गेले होते. फक्त दुसऱ्या ठाकुरवाडीत. तिथं विचारलं, तिथली माणसं म्हणाली, "अशी पोरगी हितं नाय." तेही खरंच बोलली.

तर मनीषा टेबलापाशी आली. मी शेजारीच बसले होते. मॅडमनी विचारलं, कुठली ठाकुरवाडी? ती म्हणाली, आमची. मॅडमनी विचारलं, "तुझी आय मत टाकायला कुठं जाते?"

मनीषा म्हणाली, "जात नाय."

"का गं?"

"ती मेलीय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अगं बाय माझी, माफ कर हां पोरी. मला ठावं नव्हतं."

तर मनीषा म्हणते, "नाय मॅडम. घरी हाय ती. यादीत मेलीय."

 मंडळी, रांगेतली पोरं पुढं सरकून ऐकायला लागली.

झालं होतं असं. मनीषाच्या आईचं नाव जानी. जानी काळू निरगुडा. मागच्या निवडणुकीला त्या सकाळी सगळं आवरून, धुतलेलं लुगडं नेसून, कार्ड घेऊन खाली गावातल्या शाळेत गेल्या. रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आला तर आतला माणूस म्हणाला, "ताई, तुमचं नाव कमी झालंय. मयत म्हणून." वाईट बोलला नाही तो. पण रांगेतलं कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "अगं जाने, भूत झालीस का गं?" जानीबाई तशाच वर चढून घरी आल्या. बोटाला शाई नाही. त्या दिवसापासून मत हा विषय त्या घरात बंद.

मग मॅडमनी शोध घेतला. त्यात त्यांना चिकाटी भारी. तर दुसऱ्या एका ठाकुरवाडीत दुसऱ्या एक जानी काळू निरगुडा होत्या. त्या बिचाऱ्या खरंच वारल्या होत्या. नाव कमी करायचं ते त्यांचं. कमी झालं ते हिचं. दोष कुणाला द्यायचा? काम करणाऱ्यापुढं नावांचा ढीग असतो. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, आडनाव तेच, वाडीचं नावही तेच. फक्त कुठली ठाकुरवाडी, एवढंच कुणी विचारलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "वैशाली, चल. वर जायचंय."

मी नको म्हणत होते. रस्ता संपला की पुढं चालायचं, त्यात मॅडमना बीपीचा त्रास, गोळ्या घ्यायचा कंटाळा, साखर सोडायला सांगितलेली तर गूळ घालून चहा प्यायच्या. मी म्हटलं, तिथं बिबट्या दिसतो म्हणतात. त्या म्हणाल्या, "दिसला तर त्याचंबी नाव नोंदवू." त्यांच्या स्कूटीच्या मागं मी बसले. मांडीवर एक बुटांचं खोकं घेऊन.

त्या खोक्याबद्दल सांगायला हवं. ते मॅडमचं मतदान यंत्र होतं. खोक्याच्या झाकणावर बाटलीची निळी बुचं चिकटवलेली, प्रत्येक बुचासमोर एक चित्र. वडापाव, मिसळ, कांदाभजी, उसळ. आणि एकदम खाली, यातलं काहीच नको. बूच दाबलं की आवाज आला पाहिजे ना? तो आवाज मी काढायचे. हो, मीच. टेबलाखाली बसून. इतिहासाची पदव्युत्तर पदवी घेऊन मी टेबलाखाली बसून "टीं..." करायचे. एकदा एका पोरानं विचारलं, "मॅडम, कर्जतमध्ये वडापाव पडला तर?" मॅडम म्हणाल्या, "पडला तर पडला. पण तू कुनाला मत टाकलंस ते मला सांगू नको. मला काय, तुझ्या आयलाबी सांगू नको."

यात त्या फार कडक होत्या. एकदा एक भला माणूस टेबलापाशी आला, पांढरे कपडे, गोड बोलणं. म्हणाला, मॅडम, नव्या मुलांची नावं आणि नंबर जरा मिळाले असते तर. मॅडम म्हणाल्या, "ती नावं माझी नायत. पोरांची हायत." तो म्हणाला, आम्हीही मुलांसाठीच काम करतो. मॅडम म्हणाल्या, "मग रांगेत या. फोटो आणलाय का?" तो निघून गेला. त्यानंतर कितीतरी दिवस मला काळजी, की याचं काही उलटं तर होणार नाही ना? मॅडमना काहीच नाही. त्या दुपारी शांतपणे डबा खात होत्या.

तर आम्ही वर गेलो. जानीबाई खालच्या एका फार्महाऊसवर साफसफाईला जातात, त्या नुकत्याच परतल्या होत्या. आम्हाला बघून आधी घाबरल्या, मनीषानं काही केलं का म्हणून. मग मॅडमनी विषय काढला, तशा एकदम ताठ झाल्या. म्हणाल्या, "नको बाई. येकदा मेली, बास झालं. परत कशाला जाऊ मराया?"

मॅडम म्हणाल्या, "मराया नाय गं, जित्तं व्हायला जायचंय."

"आन परत मेली म्हनले तं?"

"तं मी तुज्या संगं उभी हाय. त्यांना म्हन, ह्या बाईंना इचारा, मी जित्ती का मेली. मी सांगन."

जानीबाई हसल्या. अंगणातच त्यांनी ते बुटांचं खोकं पुढं ओढलं आणि एक बूच दाबलं. मी तुळशीमागून "टीं..." केलं. त्या दचकल्या. "खरीच मशीन अशी वरडते?" मॅडम म्हणाल्या, वरडते, पण वरडल्याबिगर मत पडलं असं समजायचं नाय. त्याच्या आदी एक कागदाची चिठ्ठी दिसंल, तिच्यावर आपलं चित्र हाय का बघायचं, मंगच निघायचं. जानीबाईंनी पुन्हा दाबलं. पुन्हा. चौथ्यांदा दाबायला गेल्या तेव्हा मनीषा ओरडली, "आये, येकच मत असतं!"

मनीषानं तेव्हा मॅडमना विचारलं होतं, की एका मतानं काय होतं? सगळीच मुलं विचारतात. मॅडम म्हणाल्या, "मतानं काय होतं त्याची मी हमी देत नाय. पण यादीत नाव नसलं की काय होतं, ते मला म्हाईत हाय. कुणी इचारायलाच येत नाय. तुमच्या वाडीवर रस्ता नाय, त्याचं कुणी इचारलं का?"  त्या नसलेल्या रस्त्यानंच तर आम्ही धापा टाकत आलो होतो.

निघताना जानीबाई म्हणाल्या, "तुमच्या शब्दाखातर येते. पन यंदा शेवटचं. यंदाबी मेली म्हनले, तं परत बोलवाया यायचं नाय."

मॅडम म्हणाल्या, "नाय येणार. शब्द हाय."

माफ करा. पाणी द्या जरा.

मॅडम खरंच परत तिथं जाणार नाहीत आता. शब्द असा कुणी पाळतं का हो?

दोन अर्ज भरले. मनीषाचा नव्यानं, आणि जानीबाईंचाही नव्यानं, कारण एकदा नाव गेलं की पुन्हा पहिल्यापासून. पत्त्यात मॅडमनी सगळं लिहिलं. कुठल्या गावाच्या वरची ठाकुरवाडी, कुठली शाळा, कुठल्या ओढ्यापलीकडे. मग रकाना आला मोबाईल नंबरचा. आता त्या वाडीत रेंज नाही. मनीषाला फोन करायचा तर तिनं वर खडकावर येऊन बसलेलं असावं लागतं. मॅडम म्हणाल्या, माझा टाक. वाड्यांवरच्या सगळ्याच मुलांच्या अर्जावर त्या आपलाच नंबर टाकायच्या. गुरुजींचा फोन मॅडमना यायचा, मॅडम रस्ता सांगायच्या, आणि कुणाकुणाकरवी वाडीत निरोप पोचवायच्या.

मी त्या दिवशी म्हटलं होतं, "मॅडम, एवढ्या सगळ्यांना तुमचा एकटीचा नंबर? तुम्ही आजारी पडलात तर?"

त्या म्हणाल्या, "आजारी माणसाला फोन उचलता येतो गं."

मी आजारीपर्यंतच विचार केला होता. एवढी काळजी करणारी मी, पण त्याच्या पुढची पायरी माझ्याही मनात आली नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत सकाळी चहा करता करता मॅडम खाली बसल्या, आणि उठल्या नाहीत.

घरच्यांनी फोन बंद करून कपाटात ठेवला. कुणीही तेच करेल. त्यांच्या मुलानं, ओंकारनं, आज सकाळी तो चालू केला. आणि इथं येण्याआधी त्यावर एक फोन आला. ओंकार, तू मला जे सांगितलंस तेच मी सांगते. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "ठोंबरे मॅडम आहेत का? मी गुरुजी बोलतोय. निरगुड्यांच्या चौकशीसाठी ठाकुरवाडीत आलोय, इथं अशी माणसं नाहीत म्हणतात. मॅडम, मी..." आणि फोन कट झाला. ओंकारनं तो फोन माझ्या हातात दिला. मी लावतेय, लावतेय, लागत नाही. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

पत्ता एवढा लिहूनसुद्धा गुरुजी पुन्हा दुसऱ्याच ठाकुरवाडीत आहेत. मला नक्की वाटतंय. आणि माणसं सापडली नाहीत म्हणून ते खाली उतरले, तर पुन्हा तेच लिहिलं जाणार. पत्त्यावर राहत नाही. शुक्रवारी नाव नोंदवायची मुदत संपते. त्यानंतर या निवडणुकीला काहीच करता येणार नाही. आणि पुढच्या वेळी जानीबाई खाली उतरणार नाहीत.

मनीषा आज इथं नाही. तिला यायचं होतं. काल ती माझ्यासमोर खूप रडली, म्हणाली, मॅडमच्या सभेला मला यायचंय. मी म्हटलं, नको. तहसील कचेरीत कळलंय, उद्या गुरुजी येण्याची शक्यता आहे, तू घरी थांब, आईलाही थांबव. जानीबाईंनी आज काम बुडवलंय. त्या दोघी आत्ता दारात बसून वाट बघतायत. आपण इथं बसलोय. आणि गुरुजी तिसऱ्याच डोंगरावर आहेत. म्हणून हा फोन चालू आहे.

अजून एक काळजी सांगते आणि थांबते. घरात कुणी वारलं, की मॅडम त्या घरी भेटायला जायच्या आणि दिवसकार्य झाल्यावर हळूच सांगायच्या, यादीतून नाव कमी करायला अर्ज द्या. आपल्या माणसाच्या नावावर दुसऱ्या कुणी मत टाकू नये. लोकांना कधीकधी राग यायचा. आता ओंकारनं मला विचारलंय, ताई, आईच्या नावाचं कसं करायचं? मी हो म्हटलं, मी करते. पण उघड सांगते, मला ते नाव कमी करायचं नाही. माझा हात होत नाही. आणि भीतीही वाटते. कारण त्यांच्या गावच्या यादीत दुसऱ्याही एक सुलभा ठोंबरे आहेत. त्या इथंच बसल्यात, तिसऱ्या रांगेत. काकू, घाबरू नका. हसू पण नका हो, मी खरंच झोपलेली नाही त्या विचारानं. मी स्वतः उभी राहून बघेन. ज्या बाईनं जन्मभर कुठली म्हणून विचारलं, तिच्याच नावात चूक झाली तर मी तोंड कुठं दाखवू?

प्राचार्य सरांनी परवा मला बोलावून सांगितलं, हे काम आता तू बघ. मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन जिन्यावर बसले.  मॅडमची चिकाटी माझ्याकडं नाही. मला डोंगराची भीती वाटते, साहेबांची भीती वाटते, फोनचीही भीती वाटते. पण मुलांनो, व्हरांड्यातलं टेबल परवा सोमवारी लागेल. मी बसेन. खोकंही आणेन. आवाज तुमच्यातल्या कुणीतरी काढा, मला आता टेबलाखाली बसून चालणार नाही. आणि तुमच्यातल्या ज्याला आपली ठाकुरवाडी ओळखता येते, त्यानं माझ्याबरोबर यावं. मला रस्ते माहीत नाहीत. तुम्हाला आहेत.

ओंकार, एक विनंती. हा नंबर बंद करू नकोस. निदान शुक्रवारपर्यंत. जमलं तर त्यानंतरही. डोंगरावरच्या किती घरांच्या अर्जावर हा नंबर आहे, ते मलाही ठाऊक नाही.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू या. पण नुसतं गप्प उभं राहू नका. मॅडमना ते आवडायचं नाही. त्या दोन मिनिटांत प्रत्येकानं मनात आठवावं, आपली आई मत द्यायला कुठं जाते. कुठली शाळा, कुठली खोली. आठवलं नाही, तर आज घरी जाऊन विचारा. जिची आई राहिली नाही, तिनं आपल्या मुलीला सांगावं.

आणि या शांततेत हा फोन वाजला, तर मला माफ करा, मी तो उचलणार आहे. मॅडमनी उचलला असता. पलीकडून गुरुजी म्हणतील, मी ठाकुरवाडीत उभा आहे, माणसं सापडत नाहीत. तेव्हा त्यांना काय विचारायचं, ते आता या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मॅडम, नमस्कार करते. उभं राहू या.